मावशींचं सरकारी मरण

सोमवारी सकाळी मावशींच्या डोक्याला कावळा शिवला आणि मंगळवारी आमच्या दवाखान्यात युद्धाच्या तयारीचा कागद आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. माझं कोणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात इनचार्ज सिस्टर आहे. तीस खाटा आणि चार कूलर. त्यातला एक हवा देतो, बाकीचे तीन नुसता आवाज करतात. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातल्या परिचर. साठीला टेकलेल्या, रिटायर व्हायला चार महिने उरलेले. नवरा कधीचाच गेला, पोरबाळ नाही. चादरी बदलणं, पेशंटला उचलणं, बाळंतिणीला धीर देणं आणि डॉक्टरांना टोमणे मारणं ही सगळी कामं त्यांच्याकडे. त्या दिवशी मागच्या बाजूला कचरा टाकायला गेल्या आणि कडुलिंबावरून कावळा सुटला तो थेट त्यांच्या डोक्यावर. चोच मारून गेला. मी जखमेला औषध लावलं, टीटीचं इंजेक्शन दिलं आणि म्हटलं, झालं, आता विसरा.

त्या कशाच्या विसरतात. आमच्या भागात कावळा शिवला की त्या माणसावर मरण आलं असं धरतात. मग त्या मरणाला फसवायचं असतं. माहेरी किंवा नातेवाइकांकडे खोटाच निरोप धाडायचा की अमकी गेली. ते खरं समजून रडले की मरणाचं काम झालं, ते आल्या वाटेनं परत जातं. मागाहून सगळं कळलं की नातेवाईक शिव्या देतात, चहा पितात आणि घरी जातात. आमच्या घरी आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून असलं काही मानत नाहीत. माझ्या डोक्याला शिवला असता तर मी कावळ्यालाच टीटी दिलं असतं.

पण मावशींची अडचण कावळा नव्हता. अडचण होती त्यांचा थोरला भाऊ, आष्टीकडच्या एका खेड्यातला. नऊ वर्षं तो बहिणीशी एक शब्द बोललेला नव्हता. आणि त्यात माझा हात होता, हे आधीच कबूल करून टाकते.

नऊ वर्षांपूर्वी मावशी मला बोलता बोलता म्हणाल्या होत्या की दादाचा खोकला दोन महिने झाले तरी जात नाही, रात्री अंगरखा घामानं भिजतो. मी त्याच दिवशी तिकडच्या आरोग्य कर्मचाऱ्याला कळवलं. नियमानं अगदी बरोबर. तो पठ्ठ्या थुंकीची डबी घेऊन गेला, तो नेमका मावशींच्या भाचीला बघायला पाहुणे आले होते त्या दिवशी. अंगणात उभा राहिला आणि तिथूनच आवाज दिला, टीबीवाले कोण आहेत म्हणून. पाहुणे अर्ध्या पोह्यांवरून उठले. सोयरीक मोडली. भावाला टीबी निघाला, त्यानं सहा महिने औषध घेतलं, बरा झाला. भाचीचंही पुढं चांगल्या घरी जमलं. पण बहिणीनं घरातली गोष्ट सरकारला सांगितली, हे काही त्याच्या घशाखाली उतरलं नाही. भाऊबीजेला मावशी दर वर्षी ताट करून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर यायच्या. मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

"मंग धाडा न निरोप," मी त्या सोमवारी म्हटलं. मी चिडले की माझी गावची भाषा बाहेर येते. "कावळ्याचंबी होईन न भाऊबी येईन."

मावशी चादरीची घडी घालत होत्या. "न नाई आला तं?"

"काऊन नाई येईन?"

"शिस्टर, आता तो येत नाई तं मी म्हनतो, रागात हाये. मेली म्हनून आयकलं न तरीबी नाई आला, तं मंग मी काय म्हनू? शेवटचं लुगडं माहेरून येते. ते कोन आननार हाये, हे मले जितेपनी नाई पाह्याचं."

मला उत्तर सुचलं नाही की मी रागावते. ही माझी जुनी खोड. मी त्यांना सात नंबरच्या खाटेची चादर बदलायला पिटाळलं.

मंगळवारचा कागद असा होता: सीमेवर तणाव असल्यानं रुग्णालयांनी मोठ्या आपत्तीसाठी सज्ज असावं, शुक्रवारी मॉक ड्रिल घ्यावी, वर्ध्याहून निरीक्षक येतील. सीमा आमच्यापासून इतकी लांब की तिकडचा वारासुद्धा आमच्याकडे पोहोचत नाही. पण टीव्हीवर तेव्हा रोज युद्ध चालू होतं, त्यामुळे कोणी हसलं नाही. कागदानुसार गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगवर हवाई हल्ला होणार होता आणि वीस जण जखमी. मे महिन्यात जिनिंग बंद असतं, तिथं एक चौकीदार आणि त्याच्या दोन बकऱ्या असतात. आमचे डॉक्टर म्हणजे बॉण्डवर आलेलं सव्वीस वर्षांचं लेकरू. ते म्हणाले, "सिस्टर, बकऱ्या धराव्या का?" मी नुसतं पाहिलं. मग त्यांनी आशाताई, होमगार्ड आणि आमचा स्टाफ मिळून वीस माणसं भरली.

एकदम खूप जखमी आले तर सगळ्यांना सारखं बघता येत नाही, म्हणून मनगटाला रंगीत फीत बांधतात. लाल म्हणजे आधी याला, पिवळी म्हणजे थोडं थांबेल, हिरवी म्हणजे चालता येतं, आणि काळी म्हणजे गेला. फितींचा पुरवठा नव्हताच. मी जनरल स्टोअरमधून शाळेच्या पोरींच्या वेणीच्या रिबिनी आणल्या. काळी मिळाली नाही, म्हणून माझी जुनी छत्री कापली. जखमांसाठी लाल सरबत आणलं.

आता काळी कोणाला बांधायची? कागदात स्पष्ट लिहिलं होतं: मृत, एक. शिवाय खाली: नातेवाइकांचा आक्रोश, दोन. आक्रोशाला चार आशाताई तयार होत्या, आपसात भांडायला लागल्या. मरायला कोणी तयार नाही. एक आशाताई म्हणाली, तिची सासू घरात घेणार नाही. होमगार्ड म्हणाला, सकाळीच गाडीचं सर्व्हिसिंग केलं, आज अपशकून नको. डॉक्टर म्हणाले लोड ठेवू चादरीखाली, तर कागदात 'व्यक्ती' असा शब्द होता.

"मी मरतो, साहेब," मावशी म्हणाल्या.

मी त्यांना हाताला धरून चादरींच्या खोलीत नेलं आणि विचारलं, डोकं फिरलं का तुमचं. त्यांनी शांतपणे समजावलं. हे सरकारी मरण आहे. कागदावर नाव चढणार, दोन बाया रडणार, कावळ्याचं काम आपोआप होणार. माहेरी निरोप धाडायची गरजच नाही. भावाला कळणार नाही, म्हणजे तो आला की नाही हा प्रश्नच उठत नाही. "पंध्रा मिन्टं पडून राहाचं न उठाचं. न मेलेल्याले डरेसिंग रूममदी ठेवनार हायेत. तिथला कूलर चालते."

मी त्यांना मूर्ख म्हटलं. पण खरं सांगू, त्या आठवड्यात मी जेवढे कागद वाचले, त्यात एवढा विचार एकातही नव्हता.

शुक्रवारी दहा वाजता भोंगा वाजायचा होता. भोंगा आमच्याकडे नाही, म्हणून नगरपंचायतीच्या कचरागाडीच्या लाउडस्पीकरवर वाजवायचं ठरलं. वाजलाही झकास. पण तो संपल्यावर गाडीचं रोजचं ओला कचरा सुका कचरा सुरू झालं, आणि पाच मिनिटांत दवाखान्याच्या फाटकाशी पंचवीस-तीस बाया बादल्या घेऊन उभ्या. निरीक्षकांनी विचारलं, हे कोण? डॉक्टर म्हणाले, "बघ्यांची गर्दी, सर. मुद्दाम ठेवली आहे." निरीक्षकांनी लिहून घेतलं: गर्दीचं नियोजन, समाधानकारक.

जखमी आले. सरबताला मुंग्या लागलेल्या. होमगार्डची मांडी उडाली होती असं कागदात होतं, तिथं त्याला खरोखर डोंगळा चावला, तेव्हा तो जे ओरडला ते ऐकून वॉर्डातली एक बाळंतीण उठून बसली. निरीक्षकांनी लिहिलं: अभिनय उत्तम. मी रिबिनी बांधत सुटले होते. लाल संपली म्हणून दोघांना पिवळ्यात ढकललं, आणि तेवढ्यावरून एक आशाताई फुगली की मी काय कमी जखमी आहे का.

मावशींना स्ट्रेचरवरून आणलं. मी नाडी पाहिली. ती व्यवस्थित होती, माझ्यापेक्षा चांगली. छत्रीची पट्टी मनगटाला बांधली आणि चादर तोंडावर ओढली. दोघी आशाताईंनी असा हंबरडा फोडला की मी चादरीखाली हात घालून नाडी परत पाहिली. तेवढ्यात डॉक्टरांनी, चांगलं काम दिसावं म्हणून, फोटो काढला आणि तालुक्याच्या आरोग्याच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: आज रुग्णालयात मॉक ड्रिल, मृत: आमच्या मावशी.

ग्रुपवर कोण काय वाचतं? चादर दिसली, खाली मृत वाचलं, मावशी वाचलं. पहिली भावपूर्ण श्रद्धांजली दुसऱ्या मिनिटाला आली आणि मग लाइनच लागली. मी ड्रेसिंग रूममध्ये डोकावले तर चादरीच्या आत उजेड. मावशी मोबाइल वाचत होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, एकेक अक्षर लावून वाचायच्या.

"मनमिळाऊ लिवलं, पाहा," चादर म्हणाली. "हा मेला मले कधी वळखत नाई रस्त्यानं."

"मावशी, बंद करा तो फोन. मेलेलं माणूस फोन पाहते का?"

"थांबा वो. आशाच्या ऑफिसातल्या बाईनं दोन फुलं धाडली. रडनारा बाहुला कोनी धाडला हे नाई समजून राह्यलं."

मी हसत बाहेर आले. दहा मिनिटांनी परत गेले तर चादरीतला उजेड विझलेला होता. म्हटलं, झोपल्या कूलरपुढं. पण आतून बारीक आवाज आला.

"शिस्टर, माहेरच्या गावच्या ग्रुपवर गेलं."

कूलरचं पाणी टपटपत होतं.

"आता त्याले समजलं असन," त्या म्हणाल्या.

साडेअकराला ड्रिल संपली. सगळ्यांच्या रिबिनी सोडल्या, चहा आला, हल्ल्यात पाय गेलेला होमगार्ड दोन समोसे घेऊन आला. मावशी उठेनात. आधी डॉक्टरांनी हाक मारली, मग मी. "दीड वाजता तिकडची यष्टी येते," चादरीखालून उत्तर. "तवरिक मी मेलेली हावो."

निरीक्षक घड्याळ बघायला लागले. म्हणाले, मृत व्यक्ती उठल्याशिवाय ड्रिल समाप्त झाल्याची नोंद करता येत नाही. डॉक्टर बिचारे म्हणाले, "सर, खऱ्या हल्ल्यात मृत व्यक्ती उठतच नाही." निरीक्षकांनी त्यावर बराच विचार केला. मग म्हणाले, बरोबर आहे, पण शेवटच्या ओळीत 'सर्व सहभागी सुखरूप' असं छापलेलं आहे, त्याचं काय? दोघंही माझ्याकडे बघायला लागले. जसं काही मीच ते छापलं.

मी आत गेले आणि दार लावून घेतलं. माझं डोकं खरंच तापलं होतं. "मावशी, तुमाले लाज नाई वाटत? सत्तरीचा मानूस. एक फुप्फुस अर्धं जळालेलं, मी एक्स-रे पाह्यलाय त्याईचा. अशा उन्हात खोट्या बातमीसाठी धावत येईन, रस्त्यात कायी झालं तं? तुमाले फक्त पाह्याचं हाये का तो येते का नाई येत."

त्यांनी चादर डोळ्यांपर्यंत खाली घेतली. नऊ वर्षं त्यांना भीती होती की तो येणार नाही. आता पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की तो येईल.

"फोन करा त्याले," त्या म्हणाल्या. "सांगा, जिती हावो म्हना. येऊ नोको म्हना." मग लगेच, "भाचीले लावा. ती माहेरी आली हाये, उन्हाळ्याची."

मी लावला. वाजत राहिला. चार वेळा लावला. मावशी मनगटावरची छत्रीची पट्टी ओढत बसल्या. मी गाठ घट्ट मारली होती, निघत नव्हती. मला त्या वेळी त्या कर्मचाऱ्याची आठवण झाली, थुंकीची डबी घेऊन अंगणात उभा राहिलेला. आणि ज्यानं त्याला पाठवलं, त्या माणसाची. म्हणजे माझी. मला रडू आलं, सरळ सांगते. मी फडक्यानं तोंड पुसलं आणि पाचव्यांदा फोन लावला.

फोन वाजला तो फाटकाशीच. भाचीनं स्कूटी लावली होती आणि पर्समध्ये फोन शोधत होती. तिच्या मागून म्हातारा उतरला. उंच, वाळलेला, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला, काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. ते पुडकं पाहिलं आणि मी ओळखलं. लुगडं घेऊन आला होता.

मी धावत पुढं गेले. "बाबाजी, आधी ऐकून घ्या, तसं काही नाही, हा सगळा..."

त्यानं हात वर केला. "कुठं ठेवली?"

मी ड्रेसिंग रूमचं दार दाखवलं. आत मावशी परत चादर तोंडावर घेऊन सपाट पडलेल्या. आता ड्रिलसाठी नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती म्हणून. म्हातारा स्टुलावर बसला. थोडा वेळ नुसता दम खात राहिला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी दारातच थांबले, निरीक्षक माझ्या खांद्यावरून पॅड घेऊन डोकावत होते.

"कूलर चांगला हाये," म्हातारा म्हणाला.

त्यानं डोक्याचा ओला दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला.

"पोट्टीनं वाचून दाखोलं मले. खाली लिवलं होतं न, सराव हाये म्हनून. मले घरूनच माहीत हाये खोटं हाये ते."

मग चादरीखालून, "मंग काऊन आला?"

"खोटं होतं म्हनून तं आलो, व. खरं असतं तं येऊन कोनासंग बोललो असतो?"

मावशी ओक्साबोक्शी रडायला लागल्या. चादर तशीच तोंडावर. म्हाताऱ्यानं ती बाजूला केली नाही, त्यांना रडू दिलं. मग पुडक्याचा दोरा सोडला. आत जांभळं, काठाचं लुगडं होतं. "भाऊबीजेचं हाये," तो म्हणाला. "नऊ राह्यल्या होत्या. दुकानात घाई झाली, एकच आनलं." त्यानं त्यांचं मनगट हातात घेतलं, काळी पट्टी पाहिली, नखानं गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडली आणि माझ्याकडे दिली. "हे तुमचं का?"

मी हो म्हटलं.

"तुमीच त्या शिस्टर का? डबीवाल्याले धाडनाऱ्या?"

मी पुन्हा हो म्हटलं. हात जोडले.

"औषध चांगलं होतं तुमचं," तो म्हणाला. "टाइम खराब होता."

माझ्या नोकरीत मला मिळालेलं हे एवढंच प्रशस्तिपत्रक. मावशी तेव्हा उठून बसल्या. डोळे सुजलेले, केसांत कावळ्याच्या जखमेची पट्टी. दादाला पाणी कोणी दिलं का नाही म्हणून त्यांनी सगळ्यात आधी मला झापलं.

निरीक्षक हळूच माझ्यापाशी आले. आता 'सर्व सहभागी सुखरूप' लिहू ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लिहा. मग पॅड माझ्या हातात दिलं, सही करायला. मी पानं चाळली. अँब्युलन्स किती मिनिटांत आली, डॉक्टर किती मिनिटांत आले, रक्त, सलाइन, स्ट्रेचर, सगळ्यांना रकाने होते. आक्रोशालासुद्धा होता. ज्यांचं माणूस आणलंय त्यांच्यासाठी कुठंच जागा ठेवलेली नव्हती. मी टेबलावरची मोजपट्टी घेतली आणि शेवटच्या ओळीखाली पेनानं एक रकाना आखला. डोक्यावर लिहिलं, नातेवाईक. आणि खाली: एक. वेळेत पोहोचला.